सर, टर्पिट्यूड म्हणजे काय हो?

निवृत्तीनंतर कुणाला नातवंडं हवी असतात, कुणाला गुडघे. मला शिक्का हवा होता.

शिक्का म्हणजे गोल, जांभळ्या शाईचा. कडेने आपलं नाव आणि खाली 'विशेष कार्यकारी अधिकारी'. पद बिनपगारी. लोकांनी झेरॉक्स घेऊन यायचं, आपण मूळ कागद उजेडात धरून बघितल्यासारखं करायचं आणि 'खरी प्रत' म्हणून शिक्का हाणायचा, एवढंच काम. तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवताना मी लाल शाईच्या किती बाटल्या संपवल्या याचा हिशेब नाही, पण त्या शाईसाठी कुणी माझ्या दारात चपला काढून उभं राहिलं नाही. जांभळ्या शाईचं तसं नसतं.

हे खूळ डोक्यात शिरलं त्याला कारण घडलं होतं. गेल्या वर्षी आमच्या हिच्या, म्हणजे माधुरीच्या, आधार कार्डाची खरी प्रत करून घ्यायला आम्ही दोघं भोरच्या बाजारपेठेतल्या एका शिक्केवाल्या गृहस्थांकडे गेलो. गृहस्थ माझेच जुने विद्यार्थी, नववीत दोनदा बसलेले. त्यांनी आम्हाला वीस मिनिटं ओट्यावर बसवलं, मग चष्मा लावून कार्डाकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "सर, ह्या तुमच्या कोण?"

लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर हा प्रश्न कुणी विचारू नये. घरापर्यंत मी हिच्या चार पावलं पुढे चालत होतो. माधुरी मात्र रस्ताभर हसत होती. त्याच संध्याकाळी मी अर्ज आणला.

आमच्या खालच्या मजल्यावर कुमारराव राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे कागद कसा वाहतो आणि कुठे तुंबतो हे त्यांना कळतं. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "सोमनाथराव, मागितलेत त्यापेक्षा दोन कागद जास्त जोडा. कमी दिले तर परत पाठवतात. जास्त दिले की घाबरतात." मी माझ्या बीएडच्या गुणपत्रिकेसोबत रक्तगटाचा दाखलाही जोडला. कुणी घाबरलं की नाही माहीत नाही, पण महिनाभरात पत्र आलं. माझं मूळ गाव गुंजवणी नदीच्या खोऱ्यात, तेव्हा चारित्र्याची चौकशी वेल्ह्याला होणार होती.

"वेल्ह्याला जाताना इस्त्रीचा शर्ट घालू नका," कुमाररावांनी बजावलं. "चारित्र्य फार चकचकीत दिसलं की संशय येतो."

मी इस्त्रीचाच घातला. भोरहून एसटीने कापूरहोळ, तिथून वडापच्या जीपने नसरापूर फाटा आणि तिथून वेल्ह्याची गाडी असा तीन टप्प्यांचा प्रवास केल्यावर शर्टाने कुमाररावांचा सल्ला आपण होऊन मानला होता.

वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात माझं काम प्रशिककडे होतं. प्रशिक हवालदार, माझा विद्यार्थी, हुशार मुलगा. मला पाहून तो खुर्चीतून उठला, चहा मागवला आणि बाकावर ताटकळत बसलेल्या पाच-सहा माणसांना उद्देशून म्हणाला, "हे आमचे इंग्रजीचे सर." बाकावरच्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. एवढ्यावर मी परत फिरलो असतो तरी बरं झालं असतं.

"सोपं आहे, सर," प्रशिक म्हणाला. "लहानपणापासून ओळखणारे दोन साक्षीदार पाहिजेत. नात्यातले नकोत, आणि एकजण तरी तुमच्या बरोबरीचा हवा. त्यांनी सांगायचं, की 'मॉरल टर्पिट्यूड'च्या गुन्ह्यात तुम्हाला कधी शिक्षा झालेली नाही." मग त्याने कागदावर बोट ठेवलं. "सर, टर्पिट्यूड म्हणजे काय हो?"

बाकावरच्या एका आजोबांनी कानामागे हात धरला. तेहतीस वर्षं मी या भाषेवर जगलो, घर बांधलं, मुलीचं लग्न केलं, आणि तो शब्द मला येत नव्हता. वाईट काहीतरी आहे एवढं समजत होतं, पण ते बाकावरच्या आजोबांनाही समजलं असतं.

"ते संदर्भावर अवलंबून असतं," मी म्हणालो.

प्रशिकच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. हे वाक्य त्याने आठवीत माझ्याकडून बरेचदा ऐकलेलं असणार. "खाली मराठीत 'नैतिक अधःपतन' दिलंय," तो माझी बाजू सावरत म्हणाला, "पण साक्षीदारांना ते इंग्रजीपेक्षा जड जातं. मागे एका म्हाताऱ्यांनी मला विचारलं होतं, कुठनं पडला?"

पुढच्या खेपेला नीट समजावून सांगतो, असं म्हणून मी निघालो. चहा तसाच राहिला.

घरी आल्या आल्या मी कपाटाच्या वरच्या फळीवरून शब्दकोश काढला. जाडजूड, तांबड्या पुठ्ठ्याचा, वरून खाकी कव्हर. या एका पुस्तकावर मी मॅट्रिक झालो, बीए झालो, बीएड झालो. त्याचं पहिलं पान दुसऱ्याला चिकटलेलं आहे. जुन्या पुस्तकांचं होतं असं कधी कधी.

शब्द सापडला. टर्पिट्यूड म्हणजे नीचपणा, लाज वाटावी असं वागणं. मूळ लॅटिन शब्द टर्पिस. त्याचा अर्थ कुरूप, ओंगळ. मी खूश झालो. शब्दाचं मूळ सापडलं की मास्तर माणसाला दुसऱ्याच्या शेतात पाणी लागल्याचा आनंद होतो. रोमन लोकांना म्हणे डोळ्यांना बघवत नाही तेही टर्पिस आणि मनाला बघवत नाही तेही टर्पिस. पुढे तो शब्द इंग्रजीत गेला, तिथून कायद्यात शिरला, आणि समुद्र ओलांडून, कापूरहोळचा फाटा ओलांडून वेल्ह्यात प्रशिकच्या टेबलावर येऊन बसला. माझ्यापेक्षा त्याचा प्रवास लांबचा, पण निदान त्याला उभं राहून यावं लागलं नाही.

जेवणं झाल्यावर कुमारराव मोबाईल घेऊन वर आले. "सोमनाथराव, गंमत बघा. कायद्यात या शब्दाची व्याख्याच दिलेली नाही! समाजाच्या मनाला धक्का बसेल असं वागणं, असं आपलं कोर्ट म्हणतं."

"कुठल्या समाजाच्या?"

"ते लिहिलेलं नाही. आपल्या बिल्डिंगच्या म्हणाल तर अवघड आहे. इथे गच्चीत वाळत घातलेल्या पापडांना पाय लागला तरी धक्का बसतो."

माधुरी मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "म्हणजे काही केलेलं असलं तरी चालतं? शिक्षा तेवढी झालेली नको?"

"अर्जात शिक्षेचंच विचारलंय," मी म्हणालो.

"सोयीचं आहे," ती म्हणाली आणि पुढची जुडी उचलली.

तरीही मी आपला प्रामाणिकपणे माझ्या आयुष्याचा आढावा घेतला. एकदा वेल्हे ते नसरापूर विनातिकीट प्रवास, कारण कंडक्टरच झोपला होता. रजेच्या अर्जात एका आजीचा दोनदा मृत्यू. शेजारच्या बागेतली लिंबं, पण ती फांदी आमच्या बाजूला आली होती. यात लॅटिन भाषेला हाक मारावी असं काही नव्हतं. मी समाधानाने दिवा मालवला.

पुढच्या आठवड्यात साक्षीदार गोळा करायला गावाकडे गेलो. पहिल्या साक्षीदार रतनबाई. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, एके काळच्या सरपंच. त्यांनी मला शब्द उच्चारूही दिला नाही. "कुठं करू सही?" म्हणत त्यांनी हात पुढे केला, आणि कागद अजून आलेला नाही, प्रशिक तो घेऊन येईल, हे कळल्यावर त्या हिरमुसल्या. "आन त्येला म्हनावं लिव्ह, मास्तर गुनाचा हाय, पर घरी गेलं की च्या लई पातळ देतो." हे लिहिणं आवश्यक नाही असं मी त्यांना पटवलं.

बरोबरीचा साक्षीदार मात्र एकच उरला होता. माझ्या वर्गातले निम्मे पुण्याला गेले, काही देवाघरी गेले, आणि बाकीचे कुठून ना कुठून माझे पाहुणे निघतात. राहिला गेनबा. गेनबा आणि मी पहिलीपासून सातवीपर्यंत एका पाटावर बसलो.

गेनबाचं एक आहे. तो सही करत नाही. मोबाईलवर आलेला मेसेज वाचतो, एसटीची पाटी वाचतो, पण सही म्हटलं की हात मागे घेतो. बँकेत अंगठा. साक्षीच्या कागदावर तर अंगठाही नाही. कुणासाठी साक्ष द्यायची तर तो खंडोबाच्या देवळात जातो आणि बेलभंडार उचलतो. तळहातावर बेलाचं पान, त्यावर भंडारा, आणि देवाकडे तोंड करून जे असेल ते बोलायचं. तसं बोललेलं खोटं निघालं तर घराण्याचं वाटोळं होतं असं आमच्याकडे मानतात, त्यामुळे गेनबाचा शब्द खोऱ्यात कागदापेक्षा पक्का. बांधाच्या भांडणात लोक आधी त्याला बोलावतात, मग तलाठ्याला. सही न करणाऱ्या गेनबाचा किस्सा मी स्टाफरूममध्ये कितीदा तरी रंगवून सांगितला आहे. लोक पोट धरून हसायचे.

गेनबा खळ्यावर होता. भाताची झोडणी चालली होती. पेंढी उचलायची, फळीवर आपटायची, उलटी करून पुन्हा आपटायची. "या, मास्तर," म्हणून त्याने पोत्यावर जागा करून दिली. त्याची सून सुलक्षणा चहा घेऊन आली. तो दाट होता.

मी सगळं सांगितलं. गेनबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बेलभंडार उचलायचा तर मला ठावं पायजे कशासाटी उचलतोय. शबुद काय म्हनला?"

"टर्पिट्यूड."

"मंजी?"

आता माझी पाळी होती. वेल्ह्यात गेलेली अब्रू मी खळ्यावर वसूल करायला लागलो. टर्पिस, रोमन लोक, कुरूप आणि ओंगळ, डोळ्यांचं आणि मनाचं, सगळं काढलं. सुलक्षणा रिकामे कप हातात घेऊन ऐकत उभी राहिली. गेनबाने पेंढी खाली ठेवली.

"मंजी आसं काम," तो सावकाश म्हणाला, "की केल्यालं मागनं करनाऱ्याला सोताला बी बघवत न्हाई."

"अगदी बरोबर!" मी म्हणालो. एखाद्या मुलाने नेमकं उत्तर दिलं की माझ्या तोंडून निघतं, तसंच निघालं.

"लई चांगला शबुद हाय. कंच्या बुकात बघितला?"

"घरच्या शब्दकोशात."

गेनबाने पेंढी उचलली, फळीवर आपटली. "तांबड्या पुट्ट्याच्या?"

मी त्याला पुस्तकाचा रंग सांगितला नव्हता.

आता सांगायलाच हवं. तो शब्दकोश माझा नाही. आम्ही सातवीत असताना पुण्याच्या कुणा भल्या गृहस्थाने आमच्या शाळेला तो भेट दिला होता. अख्ख्या शाळेत इंग्रजीचा तेवढा एकच. गुरुजींनी तो कपाटात ठेवला आणि कपाटाची किल्ली गेनूकडे, म्हणजे या गेनबाकडे, दिली, कारण गेनूच्या हातून कधी काही हरवत नसे. किल्ली करगोट्याला बांधून तो ऐटीत फिरायचा. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचा. एका शनिवारी मी त्याच्याकडे किल्ली मागितली, नकाशा आत ठेवायचा आहे म्हणून. नकाशा ठेवला आणि शब्दकोश दप्तरात घातला. आठवडाभराने परत ठेवायचा असं ठरवलं होतं. सोमवारीच बोभाटा झाला. गुरुजींनी गेनूला सगळ्या शाळेसमोर उभं केलं, छड्या मारल्या, किल्ली काढून घेतली. महिनाभर रोज नदीवरून शाळेचं पाणी भरायला लावलं. वार्षिक परीक्षेला तो बसला नाही. मी बसलो, पहिला आलो. इंग्रजीत सर्वांत जास्त गुण होते.

विनातिकीट प्रवास आठवला, लिंबं आठवली, दोनदा मेलेली आजी आठवली. हे आठवलं नाही. माणूस आढावा घेताना कुठली खोली उघडत नाही, ते त्यालाच बरोबर ठाऊक असतं.

"सोमवारी हवालदाराला घिऊन या," गेनबा म्हणाला. "देवळात बोलतो." काय बोलणार ते त्याने सांगितलं नाही, आणि मला विचारता आलं नाही.

कापूरहोळला दोन भोर गाड्या माझ्यासमोरून निघून गेल्या. तिसरी आली तेव्हा ढाब्यावरच्या माणसाने येऊन विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?"

माधुरीला मी सगळं सांगितलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. तिने शब्दकोश घेतला, गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं आणि वाफेवर ते चिकटलेलं पान धरलं. खळ मीच लावली होती, तेराव्या वर्षी, पण चांगली लावली होती. पान सुटायला बराच वेळ लागला. आत शाळेचा शिक्का होता. गोल, जांभळा, एका बाजूला जरा फिकट.

"इतकी वर्षं मला वाटायचं की चहा सांडला असेल," ती म्हणाली. मग पान वाळायला पंख्याखाली ठेवून दिलं.

कुमाररावांना कुणकुण लागली, आणि ते तोडगा घेऊन वर आले. साक्षीदार बदला. बदलता येत नसेल तर अर्ज मागे घ्या आणि भोरच्या पत्त्यावर नवा टाका. तेही नको असेल तर गप्प राहा. "सोमनाथराव, तेरा वर्षांच्या पोराने नेलेलं पुस्तक! कायद्याने हे केव्हाच मुदतबाह्य झालंय." खरं सांगतो, त्यांचं म्हणणं मला पटत होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत पटत होतं. सोमवारी सकाळी मी पिशवीत शब्दकोश टाकला आणि निघालो. इस्त्री केली नाही.

देवळापाशी प्रशिक मोटारसायकल लावून उभा होता. रतनबाई सही करायला आल्या होत्या आणि मास्तरसाठी बेलभंडार उचलायचाय म्हटल्यावर आणखी आठ-दहा माणसं जमली होती. गेनबाने पाय धुतले, टोपी सारखी केली, उजव्या तळहातावर बेलाचं पान ठेवून त्यावर भंडारा घेतला. प्रशिकने मांडीवर फाईल उघडली.

"म्या गेनू सोनबा," गेनबा देवाकडे बघत म्हणाला, "ह्या सोमनाथला वयाच्या सहाव्या वर्सापासनं वळखतो. ह्येला आजपातूर कुटल्या बी गुन्ह्याची शिक्षा झाल्याली न्हाई. ह्ये मला नक्की ठावं हाय."

प्रशिक लिहीत होता. गेनबा थांबला. मग म्हणाला, "कारन ती मला झाली."

प्रशिकचं पेन थांबलं. "बाबा, हेपण लिहायचं का?"

"तुला लागतंय तेवढं लिव्ह."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीतून शब्दकोश काढला. चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गापुढे खणखणीत बोलणारा माझा आवाज अगदी बारीक झाला होता. "शाळेचं पुस्तक गेनूने हरवलं नव्हतं. मी नेलं होतं," मी म्हणालो. "मार त्याने खाल्ला."

रतनबाईंनी पुढे होऊन विचारलं, "कंचं पुस्तक?"

"हे. इंग्रजीचं."

"एवडंच व्हय!" रतनबाईंचा चेहरा पडला. "आमाला वाटलं, बाईमानसाचं काय तरी आसंल."

माणसं पांगली. एकाने जाताना पुस्तक हातात घेऊन वजन बघितलं आणि परत दिलं. समाजाच्या मनाला काडीचाही धक्का बसला नव्हता. कुमाररावांच्या मोबाईलप्रमाणे मी निर्दोष होतो. प्रशिकने कागदावर नेटकं लिहिलं होतं, की अर्जदारास कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही. बाकीचंही लिही, असं मी त्याला म्हणालो.

"रकान्यात बसत नाही, सर," तो हळूच म्हणाला.

गेनबा भंडारा देवाच्या पायाशी ठेवून पायरीवर येऊन बसला. मी शेजारी बसलो. "तू तेव्हा बोलला का नाहीस?" मी विचारलं. "किल्ली मी मागितली होती, हे तुला माहीत होतं."

"गुरुजींनी इचारलं, किल्ली कुनाकडं हुती? माझ्याकडं हुती. मंग वहीत लिवलं, पुस्तक गेनूनं हरवलं, आन मला म्हनले, सही कर. केली." त्याने हाताला लागलेली हळद पुसली. "खोट्याखाली केली. त्येच्यानंतर कशाखालीच न्हाई केली."

स्टाफरूममधलं ते सगळं हसणं मला ऐकू आलं.

"आन म्या कशाला बोलू?" गेनबा पुढे म्हणाला. मला मास्तर म्हणायचं, तुमी म्हणायचं तो विसरला होता. "म्हनलं, सोम्या सांगंल. आज सांगंल, उद्या सांगंल. मंग तू शिकाय भोरला गेला. मंग धरन आलं, शाळा उचलून वर नेली. म्हनलं, र्‍हायलं आता."

मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस देवळाच्या पायरीवर रडतो हे बरं दिसत नाही, पण मी रडलो. गेनबाने पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही. बसून राहिला, एवढंच.

तिथून मी तडक शाळेत गेलो. मुख्याध्यापिका शेफाली मॅडम, तरुण, पुण्याहून जाऊन-येऊन करतात. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि हकीकत सांगितली. त्या गोंधळून गेल्या. वस्तू हरवली तर काय करायचं याचा नमुना त्यांच्याकडे होता. वस्तू फुटली, उंदराने खाल्ली, पुरात गेली, सगळ्यांचे नमुने होते. पन्नास वर्षांनी चोरच वस्तू घेऊन आला, याचा नव्हता. "सर, तुम्ही ते वाचनालयाला भेट म्हणून दिलं असं दाखवू का? तुमचा सत्कारही करता येईल," त्या म्हणाल्या. मी हात जोडले. मग त्यांनी जुनी नोंदवही ट्रंकेतून शोधून काढायचं कबूल केलं आणि महिन्याची मुदत मागितली. नोंदीत दुरुस्ती करायची तर माझा जबाब एखाद्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून आणा, असंही सांगितलं.

महिन्याभरात माझाच शिक्का आला. कुमारराव पेढे आणि सतरा झेरॉक्स घेऊन आले. मी शिक्का हातात घेतला, शाईत टेकवला, आणि कोऱ्या कागदावर एकदा उठवून पाहिला. गोल, जांभळा, एका बाजूला जरा फिकट. कुमारराव म्हणाले, दाब सारखा द्यायला शिका.

नोंदवही सापडल्याचा निरोप आला, तेव्हा जाताना मी गेनबाला बरोबर घेतलं. शेफाली मॅडमनी वही उघडून ठेवली होती. पानाच्या मध्यावर गुरुजींचं वळणदार अक्षर होतं. 'इंग्रजी शब्दकोश, एक नग, तांबडा पुठ्ठा. गहाळ. जबाबदार: गेनू सोनबा, इयत्ता सातवी.' त्याखाली सही, मोठ्या गोल अक्षरांत, प्रत्येक काना नीट उभा. आमच्या वर्गात गेनूचं अक्षर सर्वांत चांगलं होतं, हेही मी विसरलो होतो.

मी समासात लिहिलं, 'सदर शब्दकोश गेनू सोनबा यांनी हरवलेला नाही. तो मी, सोमनाथ, इयत्ता सातवी, कपाटातून चोरून नेला होता. आज परत केला.' आणि सही केली.

"सर, शिक्का?" मॅडमनी विचारलं. "तुम्हीच अधिकारी झालात ना आता?"

"स्वतःच्या सहीवर स्वतःचा शिक्का चालत नाही," मी म्हणालो. शिक्का खिशातच होता.

"मग निदान साक्षीदाराची सही तरी लागेल."

मी गेनबाकडे पाहिलं नाही. मॅडमना मी ते सगळं सांगितलं नव्हतं, नाहीतर त्यांनी मागितलीच नसती. गेनबाने वही आपल्याकडे ओढली. मी लिहिलेलं त्याने शब्दाखाली बोट धरून वाचलं. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मग त्याने मॅडमच्या हातातलं पेन घेतलं आणि सावकाश सही केली. 'गेनू सोनबा.' अक्षर तेच होतं.

मॅडम पुस्तक उचलून कपाटाकडे वळल्या, तसा गेनबा उठला. "म्या ठिवतो," तो म्हणाला. "किल्ली?"

त्यांनी किल्ली दिली. गेनबाने कपाट उघडलं, तांबडं पुस्तक मधल्या फळीवर ठेवलं, दार लावलं, कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं. मग किल्ली मॅडमच्या टेबलावर आणून ठेवली आणि मला म्हणाला, "चल, सोम्या. च्या पिऊन जा."